वाल्देसीच्या पायांची कडी

बैलाची गोष्ट मी नेहमी आधी सांगतो. ती ऐकून माणसं हसतात, आणि हसलेलं माणूस पुढचं ऐकायला बसून राहतं.

तर आमचे वस्ताद एवारिस्तो एकदा ओलारिया या आमच्या वस्तीच्या रेल्वे फाटकाशी उभे होते आणि कत्तलखान्याच्या गाडीतून सुटलेला बैल त्यांच्या अंगावर आला. दुसरा कोणी असता तर पळाला असता. वस्ताद भर रस्त्यात उताणे झाले. बैलाला वाटलं माणूस मेला. हुंगायला म्हणून त्यानं मान खाली घातली, तर वस्तादांनी दोन्ही पाय त्याच्या मानेभोवती टाकून घोटे एकमेकांत अडकवले. बैलानं त्यांना फाटकापासून चर्चपर्यंत फरफटत नेलं, चर्चपासून परत फाटकापर्यंत आणलं. घोटे काही सुटले नाहीत. शेवटी बैल मटकन खाली बसला आणि घोरायला लागला. कसाई धापा टाकत आला, तर वस्ताद ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

मी तिथं होतो. नव्हतो असं जे म्हणतात, त्यांनी आधी स्वतः तिथं असल्याचं सिद्ध करावं.

आमच्या आखाड्याची सगळी विद्या या बैलात आली. जगातल्या बाकी कुस्त्यांत पाठ टेकली की खेळ संपतो. आमच्याकडे पाठ टेकली की सुरू होतो. खालच्यानं वरच्याला आपल्या दोन मांड्यांमध्ये घ्यायचं, याला गार्ड म्हणतात. वरच्याला वाटतं, आपण घोड्यावर बसलो. घोड्याला ठाऊक असतं की स्वार बांधलेला आहे. घोटे त्याच्या पाठीमागे अडकवले की आम्ही म्हणायचो, कडी लागली. मग तो ठोसा मारायला मागं सरला तर पायांनी जवळ ओढायचा. जवळ आला तर मान धरायची, म्हणजे त्याच्याच गळपट्टीनं गळा आवळायचा. मानही देत नसेल तर काहीच करायचं नाही.

"वाट बघणं हा पण डावच आहे, गाढवांनो," वस्ताद दातकोरणं चघळत म्हणायचे. "थकतो तो वरचा. खालच्याला जमिनीनं धरलेलं असतं."

आखाडा बेकरीच्या माडीवर होता. खाली भट्टी, वर आम्ही. लाकडाचा भुसा भरलेली गादी, तिच्यावर ताडपत्री. उन्हाळ्यात खाली पाव भाजायचे आणि वर आम्ही. समुद्रकाठच्या श्रीमंत आखाड्यांत म्हणे पंखे होते. आमच्याकडे शिस्त होती, ती अशी: गळा आवळला गेला, हात उलटा झाला, तर ज्याला सोसवत नाही त्यानं हातानं थाप मारायची. थाप पडली की सोडायचं. तिथल्या तिथं. विचार करायचा नाही. वस्तादांनी ही सवय पोरांच्या हाडांत अशी मुरवली होती, की आमची पोरं बसमध्ये दांडा धरून उभी असली आणि मागून कोणी 'जरा सरका' म्हणून खांद्यावर थापटलं, तर दांडा सोडून धाडकन पडायची. बसवाल्यांनी आखाड्याची तक्रार केली होती. हवं तर विचारा.

या सगळ्या पोरांत गार्ड खरा कळला होता तो वाल्देसीला. आठवडी बाजारात उसाचा रस आणि करंजीसारखे तळलेले पास्तेल विकणाऱ्या दोना झुल्मिराचा तो धाकटा. बगळ्यासारखा लांब, आणि सगळी लांबी पायांत. थोरला अन्सेल्मो कातडी कमावण्याच्या कारखान्यात होता. रुंद, अबोल, गादीवर दगडासारखा. दगड उचलायला जड जातो, पण तो जिंकतही नाही. अन्सेल्मोला ते ठाऊक होतं. त्यानं स्वतःची हौस गुंडाळून ठेवली होती आणि तो भावाच्या मागं त्याचा किमोनो, म्हणजे लढायचा जाड अंगरखा, घेऊन हिंडायचा.

वाल्देसी खाली पडून वरच्याशी गप्पा मारायचा. हीच त्याची खोड. वरचा घामाघूम होऊन कडी सोडवायला बघतोय, आणि हा विचारतोय, "काय भावा, सासूबाईंचा गुडघा कसा आहे आता?" वरचा हसला की मान गेली.

तेव्हा बंदराकडच्या एका आखाड्यात किमोनो न घालता लढणारी माणसं होती. त्यांच्यात एक क्लाउदियोनोर, गोदीतला हमाल. लोक त्याला ऐरण म्हणत, कारण हातोडा कितीही घाला, ती तिथंच असते. हा ऐरण एकदा बाजारात दोना झुल्मिराच्या टपरीसमोरच, तोंडात पास्तेल कोंबून म्हणाला, "ते बेकरीवाले उताणं पडून लढतात म्हणे. मग उशी घेऊनच का येत नाहीत?"

"तू ये," वाल्देसी रस गाळता गाळता म्हणाला. "उशी मी देतो. अंगाई पण म्हणतो."

लोक हसले, ऐरणही हसला. पण असं हसणं आमच्याकडे फुकट जात नाही. रेल्वे कामगारांच्या क्लबात रविवारी दुपारी कुस्ती ठरली. वेळेची मर्यादा नाही. डोळे आणि दात सोडून सगळं चालेल. संपणार दोनच गोष्टींनी. एक थाप, नाहीतर टॉवेल.

टॉवेलचं सांगितलं पाहिजे. बाकीच्या आखाड्यांत टॉवेल वस्ताद धरतो. आपला माणूस मरायला टेकला असं वाटलं की रिंगणात फेकतो, आणि कुस्ती थांबते. आमच्याकडे टॉवेल रक्ताच्या माणसानं धरायचा. वस्ताद म्हणायचे, "मी टाकला तर पोराला वाटेल, वस्तादाचा विश्वास उडाला. घरच्यानं टाकला तर ती नुसती माया." आणि दुसरा नियम भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता: कडी लागलेली असताना टॉवेल पडत नाही. आखाडा उभा राहिल्यापासून कधी पडला नव्हता.

त्या रविवारी मी वाल्देसीच्या घरीच जेवलो. काळ्या घेवड्याची उसळ, भात, संत्र्याच्या फोडी. वाल्देसीला लढायचं म्हणून फक्त संत्र्याच्या फोडी. दोना झुल्मिरानं पांढरा टॉवेल इस्त्री केला आणि अन्सेल्मोच्या हातात ठेवला.

"हा कशाला आहे, ठाऊक आहे ना?"

"हो, आई."

"घाम पुसायला नाही."

"ठाऊक आहे."

"माझं मूल तुझ्या हातात देतेय. जसा नेतोस तसा आणायचा. चालत."

"आई, मी काय पास्तेल आहे?" वाल्देसी म्हणाला. "नेला तसा परत आणायला?"

"पास्तेल असतास तर घोर नव्हता. दुसरा तळला असता."

अन्सेल्मो हसला नाही. त्यानं टॉवेल घडी न मोडता शर्टाच्या आत, छातीशी ठेवला.

क्लबात माणूस माणसावर बसलं होतं. आमच्या कोपऱ्यात तिघं: स्टुलावर वस्ताद, दोराला चिकटून अन्सेल्मो, आणि बर्फाची बादली घेऊन मी. सुरुवातीला ऐरणनं वाल्देसीला कमरेतून उचलून आपटला. बंदराकडचे लोक नाचायला लागले. आमचे शांत बसले, कारण आता कुठं तो घरी पोचला होता. पाय ऐरणच्या कमरेभोवती गेले, घोटे अडकले. कडी लागली.

"आलास?" खालून वाल्देसीचा आवाज आला. "बस ना. कॉफी घेणार?"

ऐरणनं ठोसे घातले. निम्मे हवेत गेले, कारण वाल्देसी त्याला मांड्यांनी कधी ओढायचा, कधी कमरेनं ढकलायचा. माणूस नावेत उभा राहून खिळा ठोकत असल्यासारखा दिसत होता. त्याच्या नाकातून रक्त आलं, वाल्देसीची भुवई फुटली. गप्पा चालू होत्या. "गोदीत पगारवाढ झाली का रे?" असं विचारलेलं मी या कानांनी ऐकलंय.

मग ऐरणनं दुसरा विचार केला. त्यानं वाल्देसीला कडीसकट उचलला. असा उचलायला बैलाचं बळ लागतं, आणि ते त्याच्याकडे होतं. उचलून तो समोरच्या, त्यांच्या कोपऱ्याकडे धावला आणि खांबाच्या बुडाशी दोघं मिळून कोसळले. आवाज फार मोठा झाला नाही. ओट्यावर नारळ ठेवावा, तेवढाच.

ऐरण दमला होता. तो तसाच वाल्देसीच्या अंगावर पडून राहिला, तोंड त्याच्या मानेशी खुपसून. आमच्याकडून दिसत होती ती ऐरणची रुंद पाठ, तिच्यावर पडलेला वाल्देसीचा एक हात, आणि दोन पावलं. घोटे अडकलेले.

"बोलत नाहीये," अन्सेल्मो म्हणाला.

"दम राखतोय," वस्ताद म्हणाले.

पंच वाकला. वाल्देसीचा चेहरा ऐरणच्या खांद्याखाली होता. "चालू आहे?" त्यानं विचारलं. आणि तेवढ्यात ते पाय आवळले. सगळ्यांनी पाहिलं. मांड्या ताठ झाल्या, अंगठे वळले, घोटे एकमेकांत असे रुतले की ऐरणच्या तोंडून "हुं" असा आवाज निघाला. आमची माणसं बाकांवर उभी राहिली. "आवळ! आवळ, बगळ्या!" पंच मागं झाला.

"बघ," वस्ताद म्हणाले. दातकोरणं एका गालातून दुसऱ्या गालात गेलं. "बघून ठेवा. याला म्हणतात गार्ड."

अन्सेल्मोचा हात शर्टात गेला होता. "वस्ताद, टाकू?"

"कडी बघ."

"लागलेली आहे."

"मग?"

"तो काहीच करत नाहीये, वस्ताद."

"तेच तर करतोय."

लोक हळूहळू गप्प झाले. कौतुकानं गप्प झाले, हे लक्षात घ्या. आमच्या आखाड्यातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं, की वाल्देसी वाट बघतोय. एवढा वेळ, एवढ्या धीरानं वाट बघणं आजवर कुणाला जमलेलं नाही. बंदराकडच्यांनी कदाचित वेगळं पाहिलं असतं. त्यांना पाठ टेकणं म्हणजे पाठ टेकणंच माहीत होतं. पण त्यांचा माणूस वर होता, ते कशाला ओरडतील? अन्सेल्मोनं टॉवेल बाहेर काढला. घडी तशीच होती. तो त्याच्या मुठीत होता, आणि मूठ दोरावर. तो भावाच्या घोट्यांकडे बघत होता. मी माणसाला देवाच्या मूर्तीकडे तसं बघताना पाहिलंय.

मी बादली घेऊन दोरालगतच्या पट्टीवरून पलीकडे गेलो, बर्फ जवळ असावा म्हणून. तिथून मला ऐरणचं बोलणं ऐकू आलं. तो हळूच बोलत होता, जसं झोपलेल्याशी बोलतात.

"ए पोरा. सोड आता." मग, "पोरा, काहीतरी बोल ना. सासूचं विचार." मग, "अरे, श्वास घे. माझ्या कानाशी आहेस तू, मला कळतंय. घे की."

तो सुटायला धडपडला. कडी सुटेना. तेव्हा त्या राक्षसानं, ज्यानं जन्मात कधी हार मानली नव्हती, आपला हात उचलला आणि वाल्देसीच्या मांडीवर थाप मारली. जोरात, साऱ्या क्लबाला ऐकू जाईल अशी.

आणि पाय उघडले. लगेच. दार उघडावं तसे.

आमच्या माणसांनी छप्पर डोक्यावर घेतलं. कोणी मला मिठी मारली, बादली सांडली. पंचानं नियमाप्रमाणे वाल्देसीचा हात धरून वर उचलला: विजयी, वाल्देसी. ऐरण गुडघ्यांवर बसून ओरडत होता, "माझ्याकडे काय बघताय, त्याच्याकडे बघा! अरे, त्याच्याकडे बघा कोणीतरी!" पंचानं हात सोडला. तो सरळ खाली पडला, ओल्या कपड्यासारखा.

वस्तादांचं दातकोरणं तेव्हा तुटलं. बाकीचं काही आठवत नाही, पण तो बारीक आवाज आठवतो.

पुष्कळ आठवड्यांनी वाल्देसीला इस्पितळातून घरी आणलं. खाटेवरून. डोळे उघडे होते आणि त्यांत काही नव्हतं. अन्सेल्मोनं दारातच आईच्या हातात टॉवेल दिला. इस्त्रीची घडी, एक डाग नाही. तिनं तो घेतला, उलगडून पाहिला, पुन्हा घडी केली आणि कपाटाच्या खणात ठेवला. ओरडली असती, पोळपाट फेकून मारला असता, तर बरं झालं असतं. त्यानंतर ती अन्सेल्मोशी बोले ते एवढंच: रॉकेल संपलंय. नळ गळतोय. त्याची कूस बदल.

आखाड्यात मात्र भिंतीवर फोटो लागला: पंचाच्या हातात वाल्देसीचा हात. वस्ताद नव्या पोरांना सांगत, "शुद्ध गेली, पण कडी गेली नाही. बेशुद्ध माणसानं ऐरणला हरवलं!" पोरांचे डोळे मोठे व्हायचे. मी जन्मभर थापा मारत आलो, पण माझा बैल त्या फोटोपुढं वासरू झाला. एक मात्र सांगतो. त्या दिवसानंतर वस्तादांना उताणं झालेलं कोणी पाहिलं नाही. शिकवायचे ते उभ्यानं. रात्रीसुद्धा कुशीवर झोपतात, असं त्यांची बायको सांगायची. दोना झुल्मिरानं त्यांना कधी उंबरा ओलांडू दिला नाही. ऐरण संत्र्याची पिशवी घेऊन यायचा, त्याला ती आत घ्यायची. खुर्ची द्यायची. तो वाल्देसीपाशी बसून गोदीतल्या पगारवाढीचं सांगायचा.

वाल्देसीची गादी मागच्या पडवीत जमिनीवर होती. त्याला भरवायचं काम अन्सेल्मोचं. कारखान्यातून आला की मक्याची पेज घेऊन तो भावाजवळ गुडघे टेकायचा, त्याच्यावर वाकायचा. आणि वाकला की ते पाय उठायचे. काटक्या झाल्या होत्या त्यांच्या, पण उठायचे, अन्सेल्मोच्या कमरेभोवती जायचे आणि मागं घोटे अडकायचे. मग हात यायचे, गळपट्टी शोधत. डॉक्टर म्हणाला, यात काही अर्थ शोधू नका, अंगाला सवय असते. अन्सेल्मो थाप मारायचा, गार्ड उघडायचा, तो चमचाभर पेज द्यायचा, पुन्हा वाकायचा. सबंध जेवण असं चालायचं.

वर्षं गेली. एका दुपारी मी असाच गेलो. माझे गुडघे तेव्हाच गेले होते. पडवीतल्या खुर्चीत एकदा बसलो की मला उठवायला माणूस लागायचं. दोना झुल्मिरा अंगणात कपडे धूत होती. अन्सेल्मो पेज घेऊन आला. त्या दिवशी आखाड्यात फोटोला नवी चौकट बसवली होती, आणि नवी पोरं रस्त्यात अन्सेल्मोला थांबवून म्हणाली होती, "त्या फोटोतल्याचे भाऊ तुम्हीच ना? काय नशीब!" मीच ते त्याला विचारत होतो, खरं का म्हणून. तो हो म्हणाला आणि वाकला.

पाय उठले. कडी लागली. वाल्देसीचे हात वर आले, एक गळपट्टीच्या या बाजूला, एक त्या बाजूला, मनगटं एकमेकांवरून, अगदी शिकवल्यासारखी. कामाचा जाड शर्ट होता. अन्सेल्मोनं वाडगा बाजूला ठेवला, नीट, न सांडता. आणि त्यानं मान खाली जाऊ दिली.

मी थापेची वाट बघत होतो.

त्याचे दोन्ही तळहात फरशीवर होते. उघडे. पसरलेले. वाल्देसी छताकडे बघत होता आणि त्याची मनगटं आपल्या आपण आवळत होती. अन्सेल्मोचे कान लाल झाले, मग बिटासारखे.

"अन्सेल्मो," मी म्हणालो, "थाप मार."

तो हलला नाही.

"अरे मूर्खा, थाप मार! झुल्मिरा! दोना झुल्मिरा!"

ती आली, कोपरापर्यंत साबण. दूध उतू जाताना बाई चुलीकडे बघते तसं तिनं एकदा बघितलं. आखाड्याची पायरी ती कधी चढली नव्हती, त्या रविवारी क्लबातही आली नव्हती. ती खाली बसली आणि धाकट्याच्या गुडघ्यावर तिनं ओल्या हातानं थापटलं. मोठ्यानं नाही. लहान मूल निजवताना थोपटतात, तेवढंच.

पाय उघडले. हात सुटले. अन्सेल्मो कुशीवर कलंडला आणि खोकायला लागला. त्याच्या घशातून येणारा तो आवाज कातडं फाडल्यासारखा होता.

दोना झुल्मिरा उठून आत गेली. कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो टॉवेल होता, घडीवर पिवळा पडलेला. तिनं तो दारातूनच फेकला. हवेत घडी उलगडली आणि टॉवेल अन्सेल्मोच्या अंगावर पडला.

"घाम पूस," ती म्हणाली. "आणि पेज गार व्हायच्या आत भरव त्याला."

अन्सेल्मोनं टॉवेल तोंडावर धरला. बराच वेळ धरला. मग उठून बसला, वाडगा ओढला आणि भावावर वाकला.